एक वर्तुळ कमी

त्या माणसाला एक वाक्य म्हणून धड पुरं करता येत नसे. मोठीबाईंच्या रागाचं मूळ तिथेच होतं.

"बोलायचं तर शेवटपर्यंत बोलावं, नाहीतर तोंडच उघडू नये," त्या शिवणखोलीतल्या बायकांना ऐकवत. "ही काय तऱ्हा? सुईत दोरा ओवायचा, दोन टाके घालायचे, आणि सुई तशीच लोंबकळत ठेवून हा बाबा चालता!"

मोठीबाईंच्या शिवणखोलीत असलं काही खपत नसे. खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्याच्या शेजारून वर जाणारा अरुंद जिना, आणि जिन्याच्या टोकाला त्यांचं राज्य. तीन लांब टेबलं, पाच मशिनी, एक भलीमोठी खिडकी. रजया, पडदे, उशांचे अभ्रे इथून शहरभर जात. मोठीबाईंनी शाळेचं तोंड दोन वर्षं पाहिलं होतं आणि शाळेनं त्यांचं. दोघींनाही पुन्हा एकमेकींकडे पाहायची हौस उरली नाही. पण मोजण्यात त्यांना कुणी हरवलं नव्हतं. त्या बटणांवर मोजत. बरणीतली बटणं टेबलावर ओतायची, एका वस्तूला एक बटण, दहा-दहाचे ढीग, झालं काम. आणि खोलीचा कायदा एकच: वाकडा टाका उसवायचा. कुणाचाही असो.

तो माणूस पहिल्यांदा आला तोही चुकून. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटला होता आणि छत्रीवाल्यानं त्याला वर पाठवलं होतं. "वर जा, पण जपून बोला, वर मोठीबाई आहेत," असंही सांगून. बाहेर भुरभुर लागलेली. दारात उभा राहून तो म्हणाला, "माफ करा, ही पिशवी जरा..." आणि तेवढ्यात पिशवीचं बूडही सुटलं. आतून लाकडाची एक चकती निसटली, फरशीवर टुणकन उडाली, आणि घरंगळत घरंगळत थेट धाकटीच्या पायाशी जाऊन आडवी झाली.

धाकटी म्हणजे मोठीबाईंची सून. मुलगा जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात आता दोघीच, एक मोठी आणि एक धाकटी, म्हणून सगळे तिला तेच म्हणत. खोलीतला सगळ्यात चांगला हात तिचा. माझा सोडून, असं मोठीबाई लगेच जोडत.

तिनं चकती उचलली. "हे काय, डब्याचं झाकण?"

"नाही, नाही... ते झाड आहे."

"झाड? खूपच रोडावलंय हो."

बायका फिसकन हसल्या. तो मात्र तिच्या बोटाकडे बघत राहिला. ती चकतीवरच्या रेघांवरून बोट फिरवत होती — मधल्या ठिपक्यापासून बाहेर, एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी... मग तिनं सहज ती चकती आपल्या पुढ्यातल्या गोल उशीशेजारी ठेवली. उशीवरही तसंच होतं, कापडाच्या पट्ट्या, एकीभोवती एक.

"एकेक रेघ म्हणजे एकेक वर्ष," तो म्हणाला. "पाऊस चांगला झाला की रुंद. नाही झाला की अरुंद. आणि तुमच्या हातात हे..."

"हे काय?"

"म्हणजे, तुमच्या हातात..." तो थांबला. कान लाल.

"पट्टा शिवून हवाय ना?" मोठीबाई पलीकडून कडाडल्या. "मग पिशवी द्या इकडे. माझ्या हातात."

चार दिवसांनी तो परत आला. पिशवी धड होती, तरी आला. तो वरच्या रस्त्यावरच्या विज्ञान-संग्रहालयात कामाला होता. काम काय, तर झाडांची वयं मोजायची.

"झाडं सांगतात तरी खरं," मोठीबाई म्हणाल्या. "एकदा बायकांची मोजून बघा, म्हणजे कळेल अवघड काय असतं ते."

त्या दिवसापासून त्याचं नाव झाडवाला पडलं.

नदीकाठचं जुनं झाड वादळात पडलं होतं, ते सगळ्या शहरानं पाहिलं होतं. त्याच्या बुंध्याचा एक काप संग्रहालयानं काचेमागे ठेवला होता. पण हात लावल्याशिवाय झाड कळत नाही, असं झाडवाल्याचं म्हणणं. तर कापडाचं एक झाड करायचं, भिंतभर मोठं, गोल. मापं त्याची, शिवण यांची, आणि कापड शहरातल्या लोकांच्या जुन्या कपड्यांचं. लोकांनी यावं आणि एकेका वर्षावरून हात फिरवावा.

"म्हणजे भिंतीला रजई," मोठीबाई म्हणाल्या. "थंडी भिंतीला वाजतेय की तुम्हाला?"

"आई, करू या," धाकटी म्हणाली.

मोठीबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षं ही पोरगी दिलेलं काम करत होती, वाढलेलं जेवत होती. स्वतःहून काही मागितलं नव्हतं. त्या एका गोष्टीपायी मोठीबाईंनी हो म्हटलं, आणि पुढे सात महिने त्या होकाराबद्दल स्वतःलाच बोल लावत राहिल्या.

झाडवाल्यानं लांबलचक कागद आणला. त्यावर मधल्या वर्तुळापासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत आकडेच आकडे, प्रत्येकाची रुंदी किती ती. "एकूण एकशे त्रेसष्ट वर्षं," तो म्हणाला. "त्यातलं एक मात्र..."

नेमकं तेव्हाच धाकटीनं ओठांत धरलेल्या टाचण्यांसकट वर पाहिलं. ते वाक्य तिथेच मटकन खाली बसलं, ते परत उठलंच नाही.

मग रोजचंच झालं. संग्रहालय सुटलं की जिन्यावर पावलं वाजत. तिसरी पायरी सैल होती, ती कुरकुरली की बटण — बटणं लावणारी, स्वतःही तशीच लहानखुरी आणि वाटोळी — धाकटीकडे बघून भुवया उडवी. मोठीबाई चहा टाकत. माणूस आवडत नाही म्हणून दारात आलेल्याला चहा द्यायचा नाही, एवढ्या त्या खाली उतरलेल्या नव्हत्या.

मग तो आणि धाकटी टेबलाच्या दोन बाजूंना बसत. त्याच्या हातात मोजपट्टी, तिच्या हातात सुई.

"मला वाटतं, तुम्ही जेव्हा..."

"जेव्हा बाजूला सरकेन, तेव्हा तुम्हाला खडू सापडेल. हा घ्या."

"खडू नाही हो. तुम्ही जेव्हा..."

"जेव्हा कापड ओढते, तेव्हा तुमची मापं हलतात. माहीत आहे."

"तुम्ही माझी सगळी वाक्यं चुकीची पुरी करता."

"मग बरोबर तुम्ही करा ना! मी काय तोंड धरलंय तुमचं?"

तो हसे, आणि मोजपट्टीच्या मागे तोंड लपवी. दीड बोट रुंदीची पट्टी, तिच्यामागे काय लपणार कपाळ! धाकटी मान खाली घालून टाके घालत राही, पण डाव्या गालावर खळी उमटलेली असे. ही खळी मोठीबाईंनी लग्नाच्या फोटोत शेवटची पाहिली होती.

"माणूस चांगला आहे हो, मोठीबाई," बटण कुजबुजे.

"असेल चांगला. पुरा नाही."

लोक काय म्हणतील, घराण्याचं काय, परका माणूस, ना अता ना पता, असं पुष्कळ काही मोठीबाई मनात घोळवत. या सगळ्याच्या तळाशी एक अगदी साधी गोष्ट होती. ही गेली तर संध्याकाळी जेवायला एकच ताट. पण ती गोष्ट त्या स्वतःलासुद्धा सांगत नसत. मोठीबाईंना कुणाची गरज लागते, हे मोठीबाईंना कळलेलं त्यांना आवडलं नसतं.

पाचवा महिना संपताना झाडवाला सहा आठवड्यांसाठी डोंगरावर निघाला. जाताना दारात घुटमळला.

"तिथे नवीन केंद्र उघडतंय," तो धाकटीला म्हणाला. "हे काम संपलं की मी तिकडेच. राहायला घर मिळतंय. दोन खोल्या, समोर झाडं, तर..."

धाकटीची सुई थांबली. "तर?"

"तर..." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "तर पावसाळी बूट घ्यावे लागतील."

धाकटीनं दोरा दातांनी तटकन तोडला. "घ्या मग बूट."

तो गेला. त्याच आठवड्यात मोठीबाईंच्या हातून एक गोष्ट घडली.

झालं असं, की रविवारी खोली बंद असताना त्या एकट्याच वर आल्या, आणि सहज म्हणून त्यांनी तो लांब कागद पसरला. एका आकड्याला एक बटण. दहा-दहाचे ढीग. एकशे बासष्ट. परत मोजलं, एकशे बासष्ट. तिसऱ्यांदा बटणं बदलून मोजलं.

"घ्या!" त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. "एवढा शिकलेला माणूस, आणि अख्खं वर्ष हरवून बसला."

काम तेव्हा एकशे एकोणिसाव्या वर्तुळापर्यंत आलं होतं. शेवटची वर्तुळं अगदी दोऱ्याएवढी, एकमेकांना खेटलेली. मोठीबाईंच्या नजरेला तिथे काहीतरी खटकत होतं. जे कमी पडलं ते इथेच, असं हात सांगत होता. हरवलेलं वर्ष भरून द्यायचं तर कापड कुठलं? लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे पडले होते. मोठीबाईंनी त्यांना हात लावला नाही. त्या घरी गेल्या, ट्रंक उघडली, आणि तळाशी घडी करून ठेवलेला मुलाचा हिरवा शर्ट काढला.

दोन बोटं रुंदीची पट्टी, गोलात बसावी म्हणून तिरकी कापलेली. द्यायचं तर वर्ष चांगलं रुंद द्यावं, भरपूर पावसाचं. दिवसभर बसून त्यांनी ते वर्तुळ जोडलं. टाके इतके बारीक, की मोजायचे म्हटले तर बरणी पुरली नसती.

सोमवारी धाकटीचा हात त्या हिरव्या पट्टीवर जरा थांबला. तिनं मोठीबाईंकडे पाहिलं. मोठीबाई कात्रीला धार लावत होत्या. बाहेरची त्रेचाळीस वर्तुळं तिच्याभोवती चढत गेली.

झाडवाला परत आला तेव्हा कापड भिंतीवर चढायला आठ दिवस उरले होते. सगळी टेबलं बाजूला सरकवून झाड जमिनीवर पसरलं होतं, तपकिरी, राखाडी, विटकरी, कुणाची चादर, कुणाचा कोट, कुणाच्या शाळेचा गणवेश. तो बूट काढून गुडघ्यांवर रांगत मधून बाहेर यायला लागला. चेहरा असा, की मोठीबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग तो हिरव्यापाशी थांबला.

"हे... हे हिरवं..."

"मोजा," मोठीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "एकशे त्रेसष्ट. तुमच्या कागदावर एक कमी होतं, ते मी भरलं. आभार सावकाश माना, घाई नाही."

त्यानं मोजपट्टी काढली. परत ठेवली. "शिवण फारच... म्हणजे..."

"आज अर्धं चालणार नाही," धाकटी त्याच्यासमोर येऊन बसली. "काय झालंय? सगळं सांगा. शेवटपर्यंत."

त्यानं मोठा श्वास घेतला. "वर्षं एकशे त्रेसष्टच आहेत. वर्तुळं एकशे बासष्ट. तीन वर्षं ओळीनं दुष्काळ होता, त्यातल्या एका वर्षी झाडानं वर्तुळ केलंच नाही."

"मग ते वर्ष होतं हे कसं कळलं?"

"आसपासच्या झाडांवरून. त्यांच्यात ते सापडतं, केसाएवढं. याच्यात नाही."

"म्हणजे त्या वर्षी हे मेलं होतं?"

"नाही. उभं होतं, जिवंत होतं. फक्त वाढलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस आला आणि जिथे थांबलं होतं तिथून परत सुरू झालं."

धाकटीनं त्या हिरव्या पट्टीवरून बोट फिरवलं. "असं चालतं झाडाला?"

"चालतं."

"कुणी बोललं नाही त्याला?"

"कोण बोलणार?" तो हळूच म्हणाला. "आणि जागा मात्र..."

"शेवटपर्यंत!"

"जागा बरोबर आहे. ते वर्ष इथेच हरवलंय. मला भिंगाखाली बघून चार महिने लागले होते."

"दिसलं म्हणूनच इथे घातलं," मोठीबाई म्हणाल्या, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती. त्या टेबलाकडे गेल्या आणि उसवायचं पातं घेऊन आल्या. "सरका. वाकडा टाका उसवायचा. कुणाचाही असो."

"नको, राहू द्या," झाडवाला गडबडला. "चूक माझी आहे. मी सांगायला सुरुवात केली होती, पण यांनी वर पाहिलं आणि..."

"थांबा दोघंही," धाकटी म्हणाली. तिनं मोठीबाईंच्या हातातलं पातं काढून घेतलं, अगदी अलगद. "हे वर्तुळ काढलं तर बाहेरचा घेर एक वीत मोठा पडेल. बाहीही मुंढ्यापेक्षा मोठीच असते ना? बारीक चुण्या घेत बसवतो, तसाच हाही बसवू. आणि हे कापड काढून टाकायचं नाही. घडी करून शिवणीच्या आत घ्यायचं. वरून दिसणार नाही. पण हात फिरवला की बोटाला लागेल." मग ती आणखी हळू बोलली. "यांचा शर्ट आहे तो, आई. मला सोमवारीच कळलं होतं. दोनदा कॉलर उलटवून दिली होती मी याची."

मोठीबाई खिडकीशी गेल्या आणि खालच्या रस्त्यावर कुणाला तरी शोधत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी आले. मोठीबाईंच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, कचेरीतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून सगळ्या घराण्यावर देखरेख ठेवणारे. दारातून त्यांना दिसलं ते असं: धाकटी आणि झाडवाला जमिनीवर समोरासमोर, मध्ये कापडाची घडी. तो चिमटीत चुण्या धरतोय आणि ती टाके घालतेय.

"वहिनी, जरा बाहेर या."

"मी माझ्या खोलीतून बाहेर येत नाही. काय ते इथेच बोला."

"लोक बोलतायत. विधवा सून, परका पुरुष, गुडघ्याला गुडघा लावून..."

"गुडघ्यांत दोन हातांचं अंतर आहे. मी मोजलंय."

"चेष्टा करू नका. आपल्या घराण्यात आजवर असं झालेलं नाही. लोक काय म्हणतील?"

गंमत अशी, की गेले सात महिने मोठीबाई अगदी हेच शब्द मनात घोळवत होत्या. स्वतःच्या मनात ते कसे वजनदार वाटायचे! भावजींच्या तोंडून बाहेर पडले आणि ओलंच घडी घालून ठेवलेल्या कापडासारखा वास सुटला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माझा मुलगा गेला तेव्हा तुमचं घराणं आठवड्यात आपापल्या घरी गेलं. पाच वर्षं आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. एक घास तिनं गिळला का बघून मी दुसरा घेत होते. तेव्हा लोक काय म्हणत होते?"

"तेव्हा... तेव्हा काय म्हणणार?"

"काहीच नाही ना? मग आताही तसंच गप्प बसायला सांगा त्यांना. सवय आहे."

भावजी धाकटीकडे वळले. "सूनबाई, तू तरी..."

"काका," धाकटी सुई न थांबवता म्हणाली, "यांनी मला अजून काही विचारलेलं नाही." झाडवाल्याच्या चिमटीतली चुणी सुटली. "विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवीन. तुम्ही नाही. आणि..." तिनं मान वर केली, "आईसुद्धा नाही."

खोलीतल्या पाचही मशिनी एकदम थांबल्या. मोठीबाईंना असं कुणी बोललेलं त्या खोलीनं ऐकलं नव्हतं. मोठीबाईंनाही ते लागलं, चांगलं खोल लागलं. पण लागता लागताच त्यांची मान ताठ झाली.

"ऐकलंत?" त्या भावजींना म्हणाल्या. "मी तयार केलेली आहे. आता निघा. तिसरी पायरी सैल आहे, जपून उतरा."

आठव्या दिवशी झाड भिंतीवर चढलं. लोकांना आत सोडायला अजून अर्धा तास होता. संग्रहालयाच्या दालनात शिवणखोलीतल्या बायका ठेवणीतले कपडे घालून उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागून भावजीही कोट घालून आले होते. घराण्याचं नाव कापडाखालच्या पाटीवर येणार म्हटल्यावर देखरेखीला यायलाच हवं. झाडवाला शिडीवर उभा राहून वरचा शेवटचा खिळा ठोकत होता. उद्या सकाळच्या गाडीनं तो डोंगरावर जाणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी खाली शिडी धरून उभी होती आणि वर बघत नव्हती.

भावजींनी कापडावरून हात फिरवला, मग दोनदा फिरवला. "वहिनी! इथे शिवण वर आलीय. गोल सगळीकडे. एवढं मोठं काम, आणि चूक तशीच राहू दिलीत?"

मोठीबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी वरून आवाज आला.

"ती चूक नाही."

झाडवाला शिडी उतरून खाली आला. हातोडी हातातच. "ते वर्ष आहे. त्या वर्षी झाड वाढू शकलं नाही, म्हणून ते दिसत नाही. पण ते होतं, म्हणून हाताला लागतं. त्याला चूक म्हणायचं नाही."

वाक्य संपलं. अगदी पुरं. बटणनं तोंडावर हात ठेवला. झाडवाल्याला स्वतःलाही नवल वाटलं असावं, पण आता दोरा चालू लागला होता, आणि तो थांबायला तयार नव्हता. तो धाकटीकडे वळला.

"पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो, तुमच्या हातात... ते असं होतं, की तुमच्या हातात ती चकती गेली, आणि मी जे काम करतो ते कुणाला तरी सांगावंसं मला पहिल्यांदा वाटलं. आणि मला वाटतं तुम्ही जेव्हा, म्हणजे तुम्ही जेव्हा ओठांत टाचण्या धरून वर बघता, तेव्हा मला पुढचा शब्दच सुचत नाही, म्हणून मी थांबतो. आणि डोंगरावर दोन खोल्या आहेत, समोर झाडं आहेत, तर तुम्ही माझ्याशी लग्न कराल का? बूट मी घेतलेत. दोन जोड घेतलेत. तुमच्या पायाचं माप विचारायचं राहिलं."

धाकटीनं शिडीवरचा हात काढला.

"आधी माप घ्यायचं, मग कापायचं," धाकटी म्हणाली. डाव्या गालावरची खळी जागच्या जागी होती. "सात महिने आमच्यात बसून एवढंही शिकला नाहीत?"

"नाही शिकलो."

"बरं, ऐका. माझी मशीन माझ्याबरोबर येईल. महिन्यातले दहा दिवस मी त्या खोलीत असेन, आईंच्या समोरच्या टेबलाला. आणि जे आत शिवलंय ते आतच राहील, ते कुणी उसवायचं नाही. चालेल?"

"चालेल."

"मग हो," धाकटी म्हणाली. "हो म्हणतेय मी. काका, तुम्हालाही ऐकू आलं ना?"

"मला दहा दिवस सोबत-बिबत नको आहे," मोठीबाई पुटपुटल्या.

"तुम्हाला नको असेल. मला हवी आहे."

भावजी लालबुंद झाले. "वहिनी! हे सगळं डोळ्यांदेखत चाललंय. तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"बोलणार तर. आयुष्यभर दुसरं काय केलं?"

मोठीबाई भिंतीपाशी गेल्या. त्या उंचवट्यावरून त्यांनी एकदाच तळवा फिरवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग त्या वळल्या आणि झाडवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याच्या हातातली हातोडी काढून भावजींच्या हातात दिली.

"अहो झाडवाले," त्या म्हणाल्या, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात, "सात महिने माझा चहा प्यालात, आणि एकदाही मला कशानंच हाक मारली नाहीत. 'अं', 'ते', 'म्हणजे'... मी काय खुर्ची आहे? आता माझं ऐका. माझी सून मी तुम्हाला देत नाही. ती देण्या-घेण्याची वस्तू नाही. तिचं तिनं ठरवलंय आणि बरोबर ठरवलंय, आणि ज्याला ते खुपतंय त्यानं जिना चढून माझ्यासमोर यावं. राहता राहिलात तुम्ही. हात सावकाश आहे, पण टाका सरळ आहे. उसवायचं कारण नाही. तेव्हा आजपासून मला आई म्हणायचं. आणि पुरं म्हणायचं. नुसतं 'आ...' करून थांबलात, तर याद राखा!"